अक्काच्या मोरीतला नळ

परवा जिन्याखालचा कूलर ओढून बाहेर काढला, गेल्या वर्षीचा वाळलेला वाळा उपसून फेकला, नवा भरला. पहिलं पाणी सोडलं तसा ओल्या वाळ्याचा वास घरभर झाला, आणि झालं, माझ्या डोक्यात आखाजी सुरू झाली! कॅलेंडरातली आखाजी अजून लांब आहे. पण माझी या वासापासूनच सुरू होते. मग मला घरात बसवत नाही. मागच्या पडवीत जाते, भिंतीवरून अक्काच्या खोलीत शिरणाऱ्या पाइपावर उगाच हात फिरवते, जोडाखाली बोट लावून बघते. कोरडं असतं. दरवेळी कोरडंच असतं, आणि दरवेळी मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद होतो. आमचे सुनीलराव म्हणतात, बाकीच्या बायका दागिन्यांवरून हात फिरवतात, तू नळावरून फिरव.

फिरवीन! तो नळ मी बसवलाय. मी आणि माझ्या आईनं.

आम्हा जळगावच्या माणसांना उन्हाचा जितका त्रास होतो तितकाच त्याचा अभिमानही असतो. पुण्याची मावसबहीण फोनवर 'आज काय उकडतंय गं' म्हणाली की मी नुसती हसते. अगं, तुझं उकडतं, आमचं भाजतं. दुपारी मेहरूणच्या तलावाकडून येणारा वारासुद्धा तव्यावरून उठून आल्यासारखा असतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी सोडलं तर त्यात डाळ शिजेल. पण याच उन्हात पापड खडखडीत वाळतात, कुरडया पांढऱ्याशुभ्र होतात, कैऱ्यांच्या फोडी दोन उन्हांत आक्रसून जातात, आणि याच उन्हात लेकी माहेरी येतात. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकींचा सण. निंबाला झोका बांधायचा, आमरस आणि सांजोऱ्या खायच्या, भर दुपारी सावलीत लोळायचं आणि सासरची गाऱ्हाणी एकमेकींना सांगायची. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी या दिवसांत रावेरच्या गाडीत बसलेली असे. त्या वर्षी मात्र उलटं झालं. त्या वर्षी माझं माहेरच माझ्याकडे येऊन राहिलं होतं, आणि रुसलेलं होतं.

अक्का म्हणजे माझी आई. रावेरजवळच्या मळ्यात तिचं सगळं आयुष्य गेलं. शेजारीपाजारी तिला अक्का म्हणत, म्हणून आम्ही मुलंही अक्काच म्हणायला लागलो. वडील गेल्यावर केळीची बाग तिनं आणि माझ्या भावानं सांभाळली. त्या उन्हाळ्याच्या तोंडी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, खाली बसायचं नाही, वजन उचलायचं नाही, ओल्या जागी पाय टाकायचा नाही. मळ्यातल्या घरात हे तिन्ही केल्याशिवाय दिवस जात नाही. त्यात केळीची कापणी चालू, भाऊ आणि वहिनी दिवसभर बागेत आणि ट्रकांच्या मागे. ही घरी एकटी राहिली तर तासाभरात व्हॉल्व्ह फिरवायला बांधावर पोचणार, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी तिला उचलून मेहरूणला, आमच्या घरी आणली.

आता आमचं न्हाणीघर आहे मागच्या पडवीत, पायऱ्या उतरून. त्या पायऱ्या कायम ओल्या. अक्काला तिथे जाणं शक्य नव्हतं. पण तिला दिलेल्या खोलीच्या कोपऱ्यात एक जुनी मोरी होती. तिला बाहेर पाणी जायला वाट होती, फक्त नळ नव्हता. आम्ही तिथे पाण्याचे ड्रम ठेवायचो. ड्रम हलवले, मोरी घासली, आत उंच स्टूल ठेवलं, बसायची कमोडची खुर्ची आणून ठेवली, पडदा लावला. पाणी तेवढं बादलीनं नेऊन ठेवायचं. साधी गोष्ट. उन्हाळ्यात माझी शाळा सकाळची. मी उजाडता उजाडता घर सोडते. तेव्हा अक्कासाठी बादल्या भरून नेण्याचं काम आलं सुनीलरावांकडे, आणि त्यांनी ते हसत घेतलं.

इथेच सगळं बिनसलं.

आमच्याकडे जावई म्हणजे काय असतो हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. जावई आला की सासू पदर सावरते, पाट मांडते, पाय धुवायला पाणी ठेवते. सासूनं जावयासमोर खाटेवरही बसू नये, अशा घरात अक्का वाढलेली. आणि आता तोच जावई रोज सकाळी तिच्या अंघोळीची बादली घेऊन दारात उभा. माझ्यामागे काय चालायचं ते मला शेजारणीकडून कळलं. बादली आली की अक्का भिंतीकडे तोंड करून बसायची. सुनीलराव जाईपर्यंत पदर डोक्यावरून खाली ओढायची. एवढं पाणी नको म्हणून सांगायची. एका बादलीवर अंघोळ आणि बाकी सगळं भागवायची. त्यांनी दुसरी बादली आणली की ती तशीच भरलेली राहायची.

मी शाळेतून आले की विचारायची, अक्का, पाणी प्यायलीस का? हो म्हणायची. पण सकाळी भरून ठेवलेला तांब्या दुपारी काठोकाठ असायचा. मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. ती पाणी प्यायचं टाळत होती. प्यायलं की मोरीत जावं लागेल, मोरीत पाणी लागेल, पाणी जावई आणेल. असा तिचा हिशोब. जळगावच्या उन्हाळ्यात, टाके नुकते निघालेल्या बाईनं! तिचे ओठ फुटले होते, आणि मी वर्गात मुलांना 'उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या' असं फळ्यावर लिहून देत होते.

मी भांडले. मला भांडता येतं, तो माझा गुण आहे. मी म्हणाले, सुनील तुला मुलासारखा आहे. ती म्हणाली, मुलगा मुलाच्या जागी. सुनीलरावांनी स्वतः समजावलं. तिनं पदर आणखी खाली ओढला. रात्री जेवताना मला म्हणाली, "जावयानं माह्यासाठी पाणी वाहावं, हे मले पाहवत नही. आखाजीले तुहा भाऊ येईल. त्याच्यासंगं मी मळ्यात जाते." आणि दुसऱ्या दिवशी तिनं कापडी पिशवी काढून तिच्यात लुगडी घडी करायला सुरुवात केली.

मळ्यात गेली असती तर गुडघा गेला असता, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. म्हणजे आखाजीच्या आत मोरीत नळ यायला हवा होता. तिच्या हाताशी, तिला स्वतःला फिरवता येईल असा. एवढीच गोष्ट, पण ती माझ्या आईच्या पायाची गोष्ट होती.

प्लंबर! उन्हाळ्यात जळगावात प्लंबर मिळवण्यापेक्षा मुलीला स्थळ मिळवणं सोपं. कुणाच्या टाक्या, कुणाचे कूलर, कुणाच्या लग्नघराचे मांडवातले नळ. ज्याला विचारावं तो म्हणायचा, ताई, आखाजीनंतर बघू. मी म्हणे, आखाजीनंतर तुझा नळ काय पूजेला लावू? शिवाय आमच्या घराचं एक जुनं दुखणं होतं. आमचा पाइप प्लास्टिकचाच, पण त्याचे जोड सोल्यूशन लावून चिकटवायचे. त्यासाठी पाइप आतून-बाहेरून कोरडा ठणठणीत लागतो, आणि आमच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह कितीही आवळला तरी थेंब थेंब पाणी सोडतोच. आधी एकदा असाच ओल्यावर चिकटवलेला जोड पहाटे निसटला होता आणि अख्खी टाकी पडवीत रिकामी झाली होती.

अशा अवस्थेत अक्काजवळ शेजारणीला बसवून आम्ही धुळ्याला गेलो. सुनीलराव मूळचे धुळ्याचे, नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मी स्वयंपाकघरात भांडी विसळायला गेले आणि सिंकखाली वाकले, तर तिथे पितळेचा एक जाडसर जोड. ना सोल्यूशनचे ओघळ, ना सुतळी, ना सफेदा, ना आटे. नणंदेला विचारलं तर ती म्हणाली, ते होय, ते नुसतं ढकलून बसवतात, तुझ्या भाच्यानं बसवलं. ढकलून? हो, म्हणे, पाइप आत ढकलायचा, की बसला. ओला असला तरी चालतो. मी हातातलं पातेलं तिथेच ठेवलं. वास्तुशांतीचं जेवण मला कसं गेलं हे मला आजही आठवत नाही. मी सुनीलरावांना पंगतीतून उठवायचीच बाकी होते.

संध्याकाळी दुकान गाठलं. मालक राजस्थानी, पण चार पिढ्या धुळ्यात, त्यामुळे निम्मं मराठी आणि निम्मं अहिराणी बोलणारे. शेठजींनी एक जोड माझ्या तळहातावर ठेवला. त्याला पुश-फिट म्हणतात. आत डोकावले तर पोलादी दातांचं एक कडं आणि त्यामागे काळ्या रबराची रिंग. दात पाइपाला धरतात, रबर पाणी अडवतं. पाइप बाहेर काढायचा असेल तर तोंडाची कड आत दाबून धरायची, म्हणजे दात सोडतात. एवढंच! शेठजींनी पाइपाचे दोन तुकडे दोन्ही बाजूंनी ढकलले, एक टोक सुनीलरावांच्या हातात दिलं, दुसरं माझ्या, आणि म्हणाले, ओढा. आम्ही ओढलं. भर दुकानात नवरा-बायको रस्सीखेच खेळतोय! गिऱ्हाइकं हसायला लागली. मी पाय रोवून ओढलं, सुनीलराव घसरले, पण जोड सुटला नाही. 'पक्कं शे,' शेठजी शांतपणे म्हणाले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

त्यांनी मला नीट समजावलं. पाइप अगदी सरळ कापायचा, कड कानशीनं घासून गुळगुळीत करायची, किती आत जायला हवा ती खूण पेननं करून घ्यायची आणि खूण झाकेपर्यंत ढकलायचं. पहिला अडथळा लागला की थांबायचं नाही, तो रबराचा असतो, त्याच्या पुढे जायचं. मी मान डोलावत होते. निघताना त्यांनी एक कोपऱ्याचा जोड जास्तीचा पिशवीत टाकला. लागला तर लागला, नाहीतर परत आणा, म्हणाले. धुळ्याहून जळगावपर्यंत ती पिशवी माझ्या मांडीवर होती. पारोळ्याच्या पुढे ऊन उतरलं, शेतात नांगरट झालेली, आणि मी सुनीलरावांना हातवारे करून सांगत होते की हा इथे, हा तिथे, मग कूलरच्या नळीसाठी पाडलेल्या जुन्या भोकातून आत, मग अक्काचा नळ. ते म्हणाले, जरा श्वास घे.

प्रत्यक्ष कामाला बसलो ते मात्र आखाजीच्या आदल्या दुपारी. निकालाचं काम, घरात पाहुणे, जमलंच नव्हतं. उद्या भाऊ येणार. अक्काची पिशवी भरून मोरीच्या बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवलेली. मी शाळेतून आले, साडीचा पदर खोचला आणि पडवीत पाइप कापायला घेतला. टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवली, खूण झाकली गेली, ओढून पाहिलं. पक्कं! पाइपातून पाणी ठिबकत असतानाच बसवलं, आणि जोडापाशी ठिबकणं बंद. मी एकटीच पडवीत ओरडले.

अक्का आपल्या खोलीच्या दारात खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवून सगळं पाहत होती. नको नको म्हणत होती, पण डोळे हलत नव्हते. शेवटी म्हणाली, आण इकडे, मी कापते. तिचे हात शिवशिवत होते. आणि मला ते समजत होतं. लहानपणी भल्या पहाटे मी तिच्यामागे केळीच्या सऱ्यांतून हिंडायचे. ठिबकची नळी कुठे उंदरानं कुरतडलेली, कुठे कोयत्यानं तुटलेली. अक्काच्या कमरेला जोडांची पिशवी, हातात गरम पाण्याचा डबा. नळीचं टोक ती पात्यानं तिरकं कापायची, गरम पाण्यात बुडवायची, आणि जोडावर अंगठ्यानं चढवून बसवायची. पुढे निघायची. मागे वळून बघायची नाही. तिच्या अंगठ्याला त्यानं घट्टा पडलेला, तो अजून आहे. तिच्या जोडांमधून पाणी गळलेलं मी कधी पाहिलं नाही.

मी तिला पाइप आणि आरीचं पातं दिलं आणि सांगितलं, सरळ काप हं. ती म्हणाली, मले शिकवते का? मी भिंतीत क्लॅम्प ठोकायला गेले. खोलीतून आरीचा आवाज येत होता, मग तिनं सुनीलरावांकडून चक्क गरम पाणी मागून घेतल्याचं ऐकलं, आणि मी हसून सोडून दिलं. वाटलं, गरम पाण्यानं काय बिघडतंय. कोपऱ्याचा जोड तिनं स्वतः ढकलून बसवला. नळ लावला. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा रंग आलेला.

सुनीलरावांनी वर जाऊन व्हॉल्व्ह उघडला. पाइपातून हवा फुसफुसली, आणि त्या कोपऱ्याच्या जोडातून एक बारीक, सरळ, तापलेल्या पाण्याची धार सुटली. सरळ भिंतीवर, भिंतीवरून अक्काच्या भरलेल्या पिशवीवर. मी ओरडेपर्यंत, ते खाली ऐकेपर्यंत, व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत लुगडी चिंब. सुनीलराव धापा टाकत खाली आले, खोली पाहिली आणि त्यांच्या तोंडून घरची अहिराणी निघाली, 'बठ्ठं घर न्हाई निंघनं.' अख्खं घर न्हाऊन निघालं म्हणे. मला हसू फुटलं. पण अक्का हसली नाही.

तिनं ओल्या पिशवीकडे पाहिलं, मग हातांकडे. म्हणाली, "मले वाटलं होतं, पाय गेला तरी हात आहेत."

मी गुपचूप तिची लुगडी गच्चीवर वाळत घातली. आमच्या उन्हात ती पाहता पाहता वाळली, आणि मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले. खाली जायचं धाडस होत नव्हतं.

खाली आले तर अक्का खुर्ची खिडकीपाशी ओढून बसलेली. तिनं सुनीलरावांना जोडाची कड दाबून धरायला लावली होती आणि पाइप बाहेर काढला होता. आतली रबराची रिंग चिमटीत धरून ती उजेडात बघत होती. रिंगेला एका बाजूला स्वच्छ चीर गेलेली. मग तिनं पाइपाचं टोक पाहिलं. तिरकं, टोकदार, तिच्या आयुष्यभराच्या सवयीनं कापलेलं. ते टोक आत जाताना रबर चिरत गेलं होतं. तिनं ते टोक रिंगेच्या चिरेला लावून पाहिलं. मग मला म्हणाली, "मळ्यात नळी जोडाले धरते. म्हणून तिले टोक लागतं. इथं जोड नळीले धरतो. इथं नळीनं काहीच नही करायचं, फक्त सरळ आत जायचं."

अगदी तेच! शेठजींनी मला एवढा वेळ समजावलं, पण हे असं मला कळलं नव्हतं. ठिबकचा जोड नळीच्या आत जातो आणि नळी त्याला आवळते. इथे नळी जोडाच्या आत जाते आणि जोड तिला आवळतो. मी अक्काला म्हणाले, तू आयुष्यभर सगळ्यांना धरलंस म्हणून तुला हे नवीन आहे. ती म्हणाली, जास्त बोलू नको, कानस दे.

मग काय सांगू! ती संध्याकाळ मला आजही उचंबळून आठवते. लग्नसराईमुळे घरात पत्रिकांचा ढीग. अक्कानं एका पत्रिकेची पट्टी कापली, पाइपाभोवती घट्ट गुंडाळली, कड कडेला जुळवली आणि त्या रेघेनं आरी फिरवली. इतका सरळ काप मी भूमितीच्या वर्गातही पाहिला नाही. कानशीनं कड घासली, बोट फिरवलं, परत घासली. पदरानं पुसली. शेठजींनी जास्तीचा दिलेला जोड मी तिच्या हातात ठेवला. पेननं खूण सुनीलरावांनी केली. तिनं पाइप टेकवला आणि ढकलला. पहिला अडथळा आला तशी थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अजून. तिनं तो घट्टा पडलेला अंगठा मागे लावला आणि सगळं अंग पुढे टाकून दाबलं. खूण आत गेली. तिघांनी मिळून ओढून पाहिलं, सासू एका बाजूला आणि जावई दुसऱ्या. अक्कानं त्यांच्यासमोर पदर सावरला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही, नंतर अंथरुणात आठवलं.

पाणी सोडलं. काही नाही. भिंत कोरडी. मी जोडाखाली वर्तमानपत्र अंथरलं, म्हणजे एक थेंब जरी पडला तरी डाग दिसेल. दिवेलागणीला पाहिलं, कोरं. झोपताना पाहिलं, कोरं. पण नळाबद्दल अक्का म्हणाली, उद्या पाहू, एवढंच. आणि वाळलेली लुगडी घडी करून तिनं पुन्हा पिशवीत भरली. मी ते पाहिलं आणि कूस बदलून पडून राहिले.

आता हे सगळं आठवताना मजा वाटते. अक्का आता काठी टेकत गल्लीभर फिरते. कुणाच्या घरी नळ गळतोय असा आवाज आला की तिचे कान टवकारतात. गल्लीतल्या दोन-चार घरांत तिनं खुर्चीवर बसून जोड बसवून घेतलेत, आणि प्रत्येक ठिकाणी ती पत्रिकेची पट्टी गुंडाळायला लावते. ती चिरलेली रिंग मोरीतल्या खिळ्याला अडकवलेली आहे. मी एकदा फेकायला गेले तर म्हणाली, राहू दे, मले आठवण राहते. पाऊस पडला की भाऊ येतो आणि ती मळ्यात जाते, पुन्हा उन्हाळा लागला की परत येते. आता तिची आखाजी इथली. लेकीनं आईकडे जायच्या सणाला आई लेकीकडे येते, आणि गल्लीत कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. पण हे नंतरचं. त्या सकाळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आखाजीची सकाळ. सुट्टी असल्यामुळे मी घरात. भावाचा फोन आला, नशिराबाद सोडलं, पोचतोच. आमरसाचे आंबे टोपलीत, सांजोऱ्यांचं सारण तयार, आणि माझं कशातच लक्ष नाही. अक्का मोरीत गेलेली. पडदा ओढलेला. सुनीलराव सवयीनं बादली भरून दाराशी येऊन उभे राहिले होते. मी त्यांना खूण केली, थांबा. आम्ही दोघं तिथे चोरासारखे उभे. आत बराच वेळ काही नाही. मग नळ फिरल्याचा बारीक आवाज, आणि बादलीत पाणी पडायला लागलं. आधी बुडाशी खळखळ, मग भरत आलं तसा आवाज दबत गेला. नळ बंद. पुन्हा चालू. तांब्यानं अंगावर पाणी घेतल्याचे आवाज, एकामागून एक, सावकाश, हातचं न राखता. ती किती तांबे घेतेय हे मोजायचा मोह मी आवरला. सुनीलरावांनी हातातली बादली हळूच खाली ठेवली.

तेवढ्यात भावाची गाडी दारात. मागे केळीची फणी, कैऱ्या, मळ्यातला हरभरा. तो आत येऊन बसला, घाम पुसला आणि विचारलं, अक्का तयार आहे का? ऊन चढायच्या आत निघावं म्हणतो. मी आंब्यांची टोपली पुढे ओढली.

पडदा सरकला. अक्का बाहेर आली. ओले केस, आखाजीचं हिरवं लुगडं, एका हातात काठी. दुसऱ्या हातात तांब्या. भावाकडे पाहून ती म्हणाली, "ती पिशवी मी रिकामी करते. तू घरी जाऊन तीत माह्या कुरडयांचा सोऱ्या पाठवून दे. इथलं ऊन चांगलं आहे." भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे. मग ती काठी टेकत टेकत सुनीलरावांसमोर आली, पदर डोक्यावर घेतला, आणि आपल्या नळाचा भरलेला तांब्या त्यांच्यापुढे धरला.

"जावईबापू, पाणी घ्या."

टाकीतलं पाणी सकाळीच कोमट झालेलं असतं आमच्याकडे, प्यायला कुणी घेत नाही. सुनीलरावांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्याउभ्याच रिकामा केला.